घडणावळ

आमच्या शाळेच्या आवारात एक जुना पिंपळ आहे. शिमग्याच्या आगेमागे ऊन तापू लागले की त्याच्या शेंड्यावर तांबट पक्षी येऊन बसतो आणि टुक् टुक् टुक् असा एका लयीत तासन् तास बोलत राहतो. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळाला कुंकू लावल्यासारखा तांबडा ठिपका. मी एकदा सातवीच्या वर्गाला विचारले, “याला तांबट का म्हणतात रे?” पुढच्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, “तांब्याच्या रंगाचा असेल, सर.” खिडकीतून तो हिरवागार पक्षी सगळ्यांना दिसत होता, तरीही वर्गाला हे उत्तर पटले. कसे न पटावे? ज्यांच्या हातोड्याच्या आवाजावरून पाखराला नाव पडले ती माणसेच या मुलांनी पाहिलेली नाहीत. पाखरू पिंपळावर राहिले, माणसे गल्लीतून गेली.

जुन्या नाशकात हिंडणाऱ्याला गल्ल्यांच्या पाट्या वाचण्याची सवय असावी. तांबट लेन, पगडबंद लेन, हुंडीवाला लेन, भांडी बाजार, सराफ बाजार, कुंभारवाडा! गावाने आपली सगळी पोटापाण्याची वही भिंतींवर लिहून ठेवली आहे म्हणा ना. पगडबंद लेनमध्ये आता पगडी बांधून मिळत नाही आणि हुंडीवाला लेनमध्ये हुंडी वटत नाही. तांबट लेनमध्ये मात्र आमचे घर होते. माझे आजोबा तांबट. १९१२ सालचा जन्म आणि अकराव्या वर्षी हातात हातोडा. म्हणजे ज्या नाशकाविषयी मी सांगणार आहे ते त्यांच्या लहानपणाचे, टांग्यांचे आणि ट्रामचे नाशिक. होय, ट्रामचे! जुन्या गावापासून नाशिकरोडच्या स्टेशनापर्यंत एक ट्राम चाले. घोडे तिला ओढीत. १९३०नंतर काही वर्षांतच ती बंद पडली. मुंबईहून आगगाडीने आलेल्या तांब्याच्या पत्र्याचे गठ्ठे नाशिकरोडला उतरत आणि तिथून गावात येत.

कारखाना म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धुराडे उभे राहते. तांबटांचा कारखाना म्हणजे घराची पडवी. जमिनीत पुरलेली ऐरण, भिंतीशी भट्टी, भट्टीला कातड्याचा भाता, लाकडी मोगऱ्या, लहानमोठे हातोडे आणि भांडे अडकवून ठोकायचा वाकडा लोखंडी दांडा. आतल्या खोलीत चूल आणि देव. रस्त्यावरून जाणाऱ्याला पडवीच्या कठड्यातून सगळे दिसे. १८८३ साली इंग्रज सरकारने नाशिक जिल्ह्याचे गॅझेटिअर छापले, त्यात इथल्या तांब्या-पितळेच्या कामाची दखल घेतली आहे. त्या लिहिणाऱ्या साहेबाला गल्लीच्या तोंडाशी कानांत बोटे घालावी लागली असतील, असे मला नेहमी वाटते.

तांब्याचा स्वभाव आजोबा मला माणसाच्या स्वभावासारखा समजावून सांगत. लोखंड लाल करून पाण्यात बुडवले की कडक होते; तांबे लाल करून पाण्यात बुडवा, ते लोण्यासारखे मऊच राहते. मात्र त्याला ठोकू लागलात की ते ठोक्यागणिक कडक होत जाते. फार ठोकले तर रुसते आणि चिरते. म्हणून थोडे ठोकायचे, पुन्हा लाल करायचे, पुन्हा ठोकायचे. एका घागरीसाठी पत्रा कितीदा भट्टीत जाई याला हिशेब नव्हता. तिचे बूड निराळे, वरचा भाग निराळा. दोन्ही पोटाशी जोडून टाकणखार लावून डाग द्यायचा. शेवटी मठार. सगळ्या अंगावरून ओळीने सारख्या अंतराने हातोड्याचे ठोके. ही नक्षी दिसायला सुरेख असते खरी, पण ती हौसेची नव्हे. मऊ पडलेल्या भांड्याला त्या ठोक्यांनी पुन्हा ताठपणा येतो. मठार नसेल तर भरलेली घागर कमरेवर दबून जाईल. अलीकडे दुकानांत तांब्याच्या पाण्याच्या बाटल्या मिळतात. त्यांवर यंत्राने मठाराचे ठसे उठवलेले असतात आणि तशा बाटलीला साध्या बाटलीहून चार पैसे जास्त पडतात. आजोबा असते तर बाटली उलटी करून बूड पाहिले असते आणि न बोलता खाली ठेवली असती.

बूड पाहण्याची ही खोड त्यांना जन्मभर होती. लग्नाच्या पंगतीत बसले की वाढप्याच्या हातातले पातेले आधी पाहणार, कुणाच्या घरी गेले की मोरीवरच्या हंड्याकडे नजर. एकदा एका व्याह्यांच्या घरी यांनी भरलेले घंघाळ तिरके करून खाली डोकावून पाहिले आणि पाणी माजघरापर्यंत गेले. आजीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. हे मात्र खुशीत येऊन ओरडले, “आपलंच आहे! ठोका बघ ना, डावीकडं कलतोय!” ओरडले म्हणजे रागाने नव्हे. चाळिशीतच त्यांचे कान गेले होते. त्या गल्लीतल्या बहुतेक पुरुषांचे जात. त्यामुळे तांबटांची घरे नेहमी भांडत असल्यासारखी वाटत. साधे “मीठ वाढ” म्हटलेले चौथ्या घरी ऐकू येई. बाहेरून नवी आलेली सून पहिले सहा महिने रडे आणि मग तीही ओरडू लागे.

व्यवहार कसा चाले तो ऐकण्यासारखा आहे. पत्रा तांबटाच्या मालकीचा नसे. भांडी बाजारातला दुकानदार पत्रा तोलून देई आणि तयार माल तोलून घेई. आगीत आणि कापण्यात जे जाईल त्याला घट म्हणून ठरावीक सूट. त्याहून जास्त गेले तर मजुरीतून कापायचे. मजुरीही वजनावरच. हंडे-घागरींना दर कमी, कारण एका नगातच वजन भरे; पळी-पंचपात्री, ताम्हन, गडू अशा किरकोळ मालाला दर जास्त, कारण तोळ्यामाशाच्या वस्तूला दिवस खपावे लागे. चुरा नि कातरण गोळा करून परत द्यायची. ती चुकून कमी भरू नये म्हणून रात्री पडवी झाडून, केर पाखडून तांबे वेगळे करीत. इकडे तांबटाचा केर त्याच्या घरात पाखडला जाई आणि तिकडे सराफांच्या पेढ्यांपुढची माती झारेकरी धुऊन सोन्याचे कण काढीत. धातूचा कण नि कण कुणी ना कुणी मोजत होते.

वर्षाचे कामही सणांच्या तालावर चाले. खंडेनवमीला हातोडे धुऊन, गंध-झेंडू वाहून पाटावर मांडायचे. त्या दिवशी गल्ली इतकी शांत होई की गंगेवरच्या देवळांतली घंटा ऐकू येई. (परगावच्या वाचकांसाठी सांगतो, नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) दसरा झाला की धनत्रयोदशीपर्यंत रात्री दिवे लावून काम. गावाला अभ्यंगस्नानासाठी बंब हवा, घंघाळ हवे, लेकीला पाठवायला कळशी हवी. गावाची दिवाळी जेवढी थोर, तांबटाचे जागरण तेवढे मोठे. नरकचतुर्दशीच्या पहाटे सगळे नाशिक नव्या तांब्यातल्या कढत पाण्याने न्हात असताना आमच्या पडवीत आजोबा घोंगडी पांघरून गाढ झोपलेले असत आणि आजी त्यांना उठवता उठवता थके. बारा वर्षांनी सिंहस्थ आला की अशी दिवाळी वर्षभर पुरे. १९३२च्या सिंहस्थात आजोबा वीस वर्षांचे होते. यात्रेकरूला गंगेचे पाणी घरी न्यायचे असते. त्यासाठी त्यांनी गडू इतके घडवले की स्वप्नातही गडूच दिसत, असे ते सांगत. आणि पूर! नदीला पाणी चढले, दुतोंड्या मारुती बुडू लागला की भांडी बाजार आणि सराफ बाजार आवरू लागायचा. १९६९च्या पुरात रिकाम्या घागरी रस्त्यावरून होड्यांसारख्या चालल्या होत्या, हे आमच्या घरात पुराण सांगावे तसे सांगितले जाई. पुढे २००८ साली पुन्हा तसा पूर आला तेव्हा बाजारात तरंगायला प्लास्टिकच्या बादल्या होत्या.

आता आजीविषयी. भाता आजी ओढी. पहाटे कोळसा चाळून भट्टी पेटवणे तिचे, पत्रा लाल होईतो भाता ओढणे तिचे, विझवायला पाण्याचे टाके भरून ठेवणे तिचे. भट्टीतून काळे होऊन आलेले भांडे चिंचेच्या पाण्याने, राखेने घासून लख्ख करणे तिचे. केर पाखडणेही तिचेच. तिच्या बोटांच्या पेरांना बारा महिने भेगा असत आणि त्यांत चिंच झोंबे. भाकरी थापताना ती ओठ आवळून घेई ते मला चांगले आठवते. दुकानदाराच्या वहीत तांबटाच्या नावावर पत्रा, माल, घट आणि मजुरी असे चार रकाने होते. भात्याला रकाना नव्हता.

१९२५ साली नाशिकरोडला सरकारचा सिक्युरिटी प्रेस उभा राहिला. तोवर हिंदुस्थानची पोस्टाची तिकिटे लंडनहून छापून येत. पुढल्याच वर्षापासून ती नाशकाला छापू लागले. १९२८ साली शेजारीच नोटांचा छापखाना आला. आजोबांचे धाकटे भाऊ मोठे झाल्यावर तिथे चिकटले. ठरलेला पगार, ठरलेली सुट्टी, भोंगा झाला की काम बंद. गल्लीला त्या भोंग्याचा मोठा हेवा वाटे. तिथे प्रत्येक कागद मोजून देतात, मोजून घेतात, फाटलेला तुकडासुद्धा हिशेबात धरतात, हे भाऊआजोबा अभिमानाने सांगत. आजी म्हणे, “बरं आहे बाई. आमच्याकडं कागदाइतकं तरी कुणी मोजलं असतं!” हे ती हसत म्हणे. तिला कान होते, म्हणून घरात हळू बोलणारी ती एकटीच. तिचे निम्मे बोलणे आजोबांपर्यंत पोचलेच नाही.

धंदा कोणी मारला, असा प्रश्न निघाला की आजोबा “जर्मनने” म्हणत. नव्या पिढीला सांगायला हवे की जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम. तिकडे मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन नावाच्या एका शिक्षकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या कलाशाळेत अॅल्युमिनियमची भांडी घडवण्याचा प्रयोग सुरू केला. देशी कारागिरांना नवे काम मिळावे हा त्याचा हेतू. हेतू वाईट नव्हता, पण त्या हलक्या, स्वस्त, कल्हई न लागणाऱ्या भांड्याने इकडे आमच्या गल्लीचे पाय कापले. तांब्या-पितळेच्या पातेल्याला कल्हई हवीच, नाहीतर आमटी कळकते. कल्हईवाला दारात खड्डा करून भाता जोडी, भांडे तापवून नवसागराची पूड टाकी, पांढरा धूर उठे, मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने आतून फिरवी. काळवंडलेले पोट क्षणात चंद्रासारखे होई. बघायला पोरांची ही गर्दी! पण बायकांना त्या चंद्राचे पैसे दर काही महिन्यांनी मोजावे लागत. त्यांनी जर्मन घेतले, नंतर स्टेनलेस स्टील घेतले, जुने कपडे देऊन बोहारणीकडूनही घेतले. त्यांना दोष कोण देईल? भरलेला तांब्याचा हंडा ज्याने उचलला नाही त्याने तांब्याचे गोडवे गाऊ नयेत. १९६०नंतर सातपूरला कारखाने आले आणि गल्लीतली तरणी पोरे सायकली घेऊन तिकडे गेली. पत्र्याची ओळख होतीच. तिथेही त्यांनी पत्राच दाबला.

आजीची मैत्रीण समोरच्या घरात राही. ती विड्या वळी. नाशिक-सिन्नरकडे विडीचे मोठे काम. टेंभुर्णीची पाने विदर्भाच्या जंगलातून येत. रात्री पाने ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन चिमूटभर तंबाखू घालून वळायची, तोंड दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. पंचवीस विड्यांची एक जुडी. हजारावर मजुरी. संध्याकाळी कारखान्यात माल टाकायला जायचे; तिथे तपासणारा बसलेला. सैल वळली, पान फाटले, तर ती विडी छाटीत जाई. छाटीतली विडी तो मोडून टाकतो का विकतो, हे विचारायचे नसे. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला आणि त्यात घरी बसून विडी वळणारीलाही कामगार म्हटले गेले. म्हणजे कायद्याने तरी तिला ओळखले.

कायद्याने ओळखले म्हणून तिने स्वतःला ओळखले असे मात्र होत नाही. २०११च्या जनगणनेत आम्हां शिक्षकांना घरोघर पाठवले होते. माझ्या वाट्याला भद्रकालीच्या मागचा भाग आला. फेब्रुवारीची दुपार. एका खोलीत तीन बायका सुपे घेऊन बसलेल्या. सासू, सून आणि नात. तिघींची बोटे चालू. मी कर्ता पुरुष, त्याचे वय, शिक्षण लिहून घेतले आणि म्हाताऱ्या बाईंना विचारले, “आजी, गेल्या वर्षात काही काम केलंत?”

“नाही बाबा. आता कसलं काम?”

“आणि सूनबाई?”

“ती पण घरीच असते.”

हे सांगताना त्यांच्या हातून दोन विड्या वळून झाल्या होत्या. बायकांना खोदून विचारा, अशी सूचना आम्हांला दिलेलीच होती. मी सुपाकडे बोट दाखवून म्हटले, “मग हे?” आजी हसल्या. “हे होय? हे बसल्या बसल्या. काम वेगळं.” सुनेने मान वर केली नाही, पण तिचा हात पहिल्यांदाच थांबला. ती हळू म्हणाली, “लिहा दादा. सातशे होतात रोजच्या. सकाळी पाणी भरून झालं की बसते.” मी लिहिले. घरगुती उद्योग, तिघींच्या नावापुढे. नातीच्या नावापुढे लिहिताना तिच्या आजोबांनी जरा हरकत घेतली. तिचे लग्न जमवायचे होते, आणि कामाला जाणारी म्हणून लागले तर पंचाईत. मी म्हटले, हा कागद कुणाला दाखवत नाहीत. मुलगी मात्र माझी लेखणी टक लावून पाहत होती. तुम्हांला सांगतो, मी कादंबऱ्या लिहितो. त्यांचे मानधनही बहुधा पानांवरच मिळते, तेव्हा नगावरच्या मजुरीचे मला नवल नाही. पण इतक्या लक्ष देऊन माझे अक्षर दुसऱ्या कुणी वाचल्याचे स्मरत नाही.

दोन वर्षांपूर्वी वडील गेल्यावर वाडा मालकाच्या ताब्यात द्यावा लागला. माळ्यावरून भांडी निघाली. हंडे, घागरी, परात, एक बंब. तीन भावांच्या तीन सदनिका; एकीतही मोरी नाही की जिथे घंघाळ ठेवावे. धाकटा म्हणाला, मोडीत देऊ आणि वाटून घेऊ. ते व्यवहाराला धरूनच होते. हातगाडीवर घालून भांडी बाजारात नेली. दुकानदार सज्जन माणूस. त्याने एकेक भांडे काट्यावर ठेवले, डागाचे आणि कथिलाचे म्हणून थोडी घट धरली आणि आकडा सांगितला. मी म्हटले, “घडणावळ?” त्याने चष्म्यावरून पाहिले. “सर, मोडीला घडणावळ नसते. तांबं राहतं, मजुरी संपली.” खरेच होते. सोन्याचेही असेच असते. माझ्या आईने आपल्या बांगड्या मोडल्या तेव्हा सराफ अक्षरशः हेच म्हणाला होता. तरीही ते ऐकून माझी आत्या गाडीजवळ जाऊन उभी राहिली. वय पंच्याऐंशी, आणि या सगळ्या व्यवहारात ती बोलणार नाही असे आम्ही धरून चाललो होतो. तिने एक मठाराची घागर उचलून कुशीत घेतली. “ही काट्यावर घालायची नाही,” ती म्हणाली. धाकट्याने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे. तिच्या वजनाचे पैसे त्याने आपल्या वाट्यातून वजा करून दिले, हे त्याचे मोठेपण इथे नोंदवतो.

दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा बसतो. आपल्याकडे भांड्यावर देणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे असते, तिथी असते. अमुककडून अमुकच्या लग्नाप्रीत्यर्थ. घडवणाऱ्याचे नाव घातलेले भांडे मी आजवर पाहिलेले नाही. पूर्वी छिन्नी-हातोडीने टिंबे टिंबे पाडून अक्षर काढीत. आता विजेची लेखणी असते, ती भुंग्यासारखी घोंघावते. पैसे मात्र अजून अक्षरावरच. आत्या त्याच्यापुढे जाऊन बसली आणि तिने आजोबांचे नाव सांगितले. त्याने घातले. मग ती म्हणाली, “आता आईचं घाल.”

“कोणत्या नात्यानं घालू? सौभाग्यवती?”

“नातं कशाला? नुसतं नाव. भाता तिनं ओढला.”

त्याने काठाखाली, आजोबांच्या नावाशेजारी, त्याच मापाचे अक्षर काढले. बराच वेळ घोंघावत होते. मग सवयीने विचारले, “तारीख?”

आत्या विचार करू लागली. घागर आपल्या जन्माआधीची, हे तिला नक्की माहीत होते. आईच्या लग्नानंतरची, हेही नक्की. त्या आधी भाता आजोबांची आई ओढी. मधली पाच-सहा वर्षे तिने बोटांवर मोजली, पुन्हा मोजली, आणि मान हलवली. नाव घालणारा लेखणी उचलून थांबला होता. शेवटी त्याने ती बंद केली, फडक्याने बारीक कीस पुसला, आणि दोन नावांचेच पैसे घेतले.